पेशींसाठी गुंडाळलेली कॉईल

प्रश्न : माझं मोटर रिवायंडिंगचं दुकान आहे. मुलगी जैवतंत्रज्ञानात एम.एस्सी. करते. तिला प्रकल्पासाठी माणसाच्या पेशी ठरावीक चुंबकीय क्षेत्रात वाढवायच्या आहेत. ‘बाबा, दोन कॉईल गुंडाळून द्या’ म्हणाली. मी म्हटलं, उद्या संध्याकाळी घेऊन जा. तर म्हणते, तितकं सोपं नाही. पेशींच्या डिशखाली एखादा दणकट लोहचुंबक ठेवला तर काय बिघडतं? आणि कॉईलच लागणार असेल तर तिच्यात एवढं अवघड काय आहे?
ता. क. या कॉईलजवळ तासन्‌तास बसून पोरीच्या तब्येतीला काही होणार नाही ना?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर : कॉईल उद्या संध्याकाळी तयार होईल, यात शंका नाही. पण मुलगीही बरोबरच सांगते आहे. क्षेत्र निर्माण करणं हा या उपकरणातला सोपा भाग. क्षेत्र सोडून दुसरं काहीच बदललेलं नाही, याची खात्री देणारी रचना करणं हे खरं काम, आणि गेल्या चाळीसेक वर्षांत या विषयातले कितीतरी प्रयोग तिथेच फसले आहेत.

आधी लोहचुंबकाचा निकाल लावू. चुंबकाच्या तोंडाशी क्षेत्र जोरदार असतं, पण काही मिलिमीटर दूर गेलं की झपाट्यानं पडतं. नेहमीची छोटी कल्चर डिश ३५ मिलिमीटर व्यासाची. तिच्याखाली चुंबक ठेवला तर मधल्या पेशींना एक डोस आणि कडेच्या पेशींना त्याच्या कितीतरी कमी. पेशी वाढल्या किंवा मेल्या, तर त्या नेमक्या किती क्षेत्रानं, याचं उत्तर देता येणार नाही. शिवाय चुंबकाला स्विच नसतो. तो बंद करून ‘आता बघू’ म्हणता येत नाही. चुंबक वापरून चांगले प्रयोग होतात, पण त्यात चुंबकांच्या जोड्या समोरासमोर बसवून मधल्या पोकळीतलं क्षेत्र बारकाईनं मोजलेलं असतं.

म्हणून कॉईल, आणि एक नाही, दोन. ही जोडी जर्मन शास्त्रज्ञ हेल्महोल्ट्झ यांच्या नावानं ओळखली जाते. दोन सारख्या गोल कॉईल एका अक्षावर, आणि दोघींमधलं अंतर बरोबर त्यांच्या त्रिज्येइतकं. एका कॉईलचं क्षेत्र जिथे पडू लागतं तिथे दुसरीचं चढत असतं. अंतर त्रिज्येइतकं ठेवलं की मधोमध हे चढ-उतार एकमेकांना जवळजवळ पुरते खोडून काढतात. दुकानात वापरता येईल असं गणित सांगतो. एका कॉईलचे फेरे गुणिले अँपिअर, भागिले मीटरमधली त्रिज्या, आणि त्याला ०.९ नं गुणायचं. उत्तर मायक्रोटेस्लामध्ये मिळतं. १५ सेंटीमीटर त्रिज्या, प्रत्येकी १०० फेरे आणि १ अँपिअर असेल तर ६०० मायक्रोटेस्ला. महाराष्ट्रात पृथ्वीचं स्वतःचं क्षेत्र साधारण ४० ते ४५ मायक्रोटेस्ला आहे, म्हणजे त्याच्या सुमारे चौदा पट.

हे क्षेत्र किती जागेत एकसारखं मिळतं? याच कॉईलमध्ये मध्यबिंदूपासून अक्षावर ३ सेंटीमीटर सरकलं तर फरक ०.२ टक्क्यांच्या आत राहतो. साडेचार सेंटीमीटरवर तो एक टक्क्याच्या जवळ जातो आणि तिथून पुढे भराभर वाढतो. म्हणजे ३० सेंटीमीटर व्यासाचं धूड बनवून हाताला लागते ती मुठीएवढी चांगली जागा. एकावर एक अशा बऱ्याच डिश ठेवायच्या असतील तर दोन कॉईल पुरत नाहीत. मग चार चौकोनी कॉईलची रचना करतात. तिची मापं मेरिट आणि सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये मांडली. चौकोनी फॉर्मर इन्क्युबेटरमध्ये, म्हणजे पेशी उबेत वाढवायच्या पेटीत, नीट मावतो हाही एक फायदा.

आता तुमच्या रोजच्या शत्रूकडे येऊ, म्हणजे तापण्याकडे. वरच्या जोडीला १९ गेजची सुमारे १८८ मीटर तार लागेल, प्रतिकार चार ओहमच्या आसपास. १ अँपिअरला चार वॅट उष्णता. हात लावला तर जेमतेम कोमट. पण उद्या मुलगी म्हणाली की दहापट क्षेत्र हवं, तर दहा अँपिअर सोडावे लागतील आणि उष्णता चारशे वॅट होईल. इन्क्युबेटरच्या बंद पेटीत चारशे वॅटचा हीटर लावल्यासारखंच ते. आणि इन्क्युबेटरला फक्त तापवता येतं, बहुतेकांना थंड करता येत नाही. भोवतालची खोली थंड असते या भरवशावर तो ३७ अंश टिकवतो. कॉईलची उष्णता बाहेर झिरपणाऱ्या उष्णतेपेक्षा जास्त झाली की थर्मोस्टॅट हीटर पूर्ण बंद करूनही तापमान चढतच राहतं. आपल्याकडे मे महिन्यात खोलीच ३८ अंशांवर असते, तेव्हा तर चार वॅटही जड जातात. (प्रकल्पाचं वेळापत्रक करताना हे कुणी लक्षात घेत नाही.)

एखादा अंश इकडेतिकडे झाल्यानं काय होतं, असं तुम्हाला वाटेल. मोटरचं काही होत नाही. पेशींचं होतं. तापमान काही अंशांनी वाढलं की त्या बचावाची ठरावीक प्रथिनं बनवू लागतात, काही जनुकं चालू होतात, वाढीचा वेग बदलतो. मग ‘चुंबकीय क्षेत्रानं जनुकं जागी झाली’ असा निष्कर्ष निघतो आणि प्रत्यक्षात ती तांब्याच्या उबेनं जागी झालेली असतात.

यावरचा तोडगा मला या सगळ्या विषयातला सर्वांत देखणा वाटतो, आणि तो तुमच्या हातखंड्यातला आहे. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीमधले जोसेफ कर्शविंक यांनी १९९२ मध्ये या कामासाठी त्याचा जोरदार आग्रह धरला. शंभर फेरे एका तारेनं मारायचे नाहीत. दोन तारा जोडीनं हातात धरून पन्नास फेरे मारायचे. चारही टोकं बाहेर काढायची आणि एक चेंजओव्हर स्विच लावायचा. स्विच एका बाजूला असेल तर दोन्ही तारांतून करंट एकाच दिशेनं जातो आणि पूर्ण क्षेत्र मिळतं. दुसऱ्या बाजूला केला की एका तारेतला करंट उलटा वाहतो, दोघींची क्षेत्रं एकमेकांना मारतात आणि मधे जवळजवळ काहीच उरत नाही. पण तांबं तेच, करंट तोच, म्हणून तापणं अगदी तेवढंच. प्रयोगशाळेत याला ‘शॅम’ म्हणतात. ज्या डिशला क्षेत्र द्यायचं नाही तीही अशाच कॉईलमध्ये, तेवढ्याच उबेत ठेवायची. नुसती बंद कॉईल किंवा दुसरा रिकामा इन्क्युबेटर ही तुलना कामाची नाही. मुलीच्या मार्गदर्शकांनी बाकी काही मान्य केलं नाही तरी एवढं मान्य करून घ्या.

तापण्याचा आणखी एक उपद्रव आहे. तांब्याचा प्रतिकार दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. कॉईल वीस अंशांनी तापली तर प्रतिकार आठ टक्के वाढला. व्होल्टेज तेवढंच ठेवलं असेल तर करंट आणि त्याबरोबर क्षेत्रही तितकंच घसरलं. सकाळी लावलेलं क्षेत्र दुपारी वेगळं. म्हणून सप्लाय स्थिर व्होल्टेजचा नको, स्थिर करंटचा हवा.

आणि मुलीला आधी हे विचारा की तिला क्षेत्र स्थिर हवं की ५० हर्ट्झचं. यावर पुढची निम्मी रचना ठरते. पेशींचं मीडियम म्हणजे क्षारांचं पाणी, विजेचं वाहक. एसी क्षेत्रात ते ट्रान्सफॉर्मरच्या सेकंडरीचा एकुलता एक फेरा होतं. १ मिलिटेस्ला, ५० हर्ट्झचं क्षेत्र डिशला उभं भेदत असेल तर ३५ मिलिमीटरच्या डिशच्या कडेला मीटरमागे पावणेतीन मिलिव्होल्टचं विद्युत क्षेत्र तयार होतं आणि बरोबर मध्यावर शून्य. एकाच डिशमध्ये दोन प्रयोग झाले, आणि ‘परिणाम चुंबकाचा की विजेचा’ हा प्रश्न उभा राहिला. तेच क्षेत्र डिशला आडवं, तळाशी समांतर धरलं तर विजेला फिरायला फक्त मीडियमची खोली मिळते. तीन मिलिमीटर मीडियम असेल तर विद्युत क्षेत्र अर्ध्या मिलिव्होल्टच्या आसपास राहतं. चतुर मंडळी दोन्ही प्रकारे मोजणी करतात आणि परिणाम कशाच्या मागे जातो ते बघतात. एसी घेताना मेनवर डिमर लावायचा मोह होईल, तो टाळा. डिमर साइन वेव्हचे तुकडे करतो आणि मग ५० हर्ट्झच्या जोडीला नको त्या फ्रिक्वेन्सी पेशींना मिळतात.

एसीला कॉईल गुणगुणते, हे तुम्हाला सांगायला नको. तिची थरथर डिशपर्यंत गेली तर पेशी हलतात. डिशची मांडणी कॉईलला न टेकवता वेगळ्या पायांवर उभी करायची, एवढं केलं की बरंच साधतं. दोन तारांच्या युक्तीनं उष्णता जशी सारखी राहते तशी थरथर तंतोतंत सारखी राहत नाही, म्हणून हे वेगळं सांगावं लागतं.

फॉर्मर अ‍ॅक्रिलिकचा किंवा नायलॉनचा, स्क्रू पितळेचे. एम.एस.चा एखादा चुकार वॉशरसुद्धा नको. इन्क्युबेटरच्या आत हवा ओलीचिंब असते, त्यामुळे वाइंडिंग इपॉक्सीत बंद करावं लागेल. वार्निश मारलंत तर ते पूर्ण वाळवून, भाजून, वास जाईपर्यंत बाहेर ठेवून मगच आत जाऊ द्या. थिनरची वाफ मीडियममध्ये उतरली तर पेशी त्यानंच मरतील आणि दोष चुंबकावर येईल.

इन्क्युबेटर स्वतःही निष्पाप नसतो. पंख्याची मोटर, हीटर, पोलादी भिंती, दाराला लावलेले चुंबक या सगळ्यांनी आतलं क्षेत्र विस्कटलेलं असतं. अमेरिकेतल्या कोलोरॅडो विद्यापीठात लुकास पोर्टेली आणि सहकाऱ्यांनी इन्क्युबेटरांच्या आत फिरून मोजणी केली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षांनुसार एकाच फळीवर काही सेंटीमीटर सरकलं तरी क्षेत्र कित्येक मायक्रोटेस्लांनी बदलत होतं. याचा अर्थ असा की चुंबकाशी काडीचा संबंध नसलेले प्रयोग करणारेही नकळत आपल्या डिश वेगवेगळ्या क्षेत्रांत ठेवत आले आहेत. मोजणीसाठी कमी क्षेत्राला तीन अक्षांचा फ्लक्सगेट आणि मिलिटेस्लाच्या पातळीवर हॉल प्रोब वापरतात. ढोबळ अंदाजाला तुमचा मोबाइल पुरेल. त्यातल्या कंपासच्या सेन्सरचे आकडे दाखवणारं एखादं अ‍ॅप घ्या आणि कॉईल बसवण्याआधी फोन रिकाम्या फळीवर हळूहळू फिरवा. आकडे कसे नाचतात ते बघाच.

बाहेरचं क्षेत्र मोजणीत घुसतं, ही तक्रार आपल्याकडे फार जुनी आहे. मुंबईत घोड्यांच्या ट्राम जाऊन विजेच्या येणार असं ठरलं, तेव्हा कुलाब्याच्या वेधशाळेतली पृथ्वीच्या चुंबकत्वाची नोंद बिघडणार हे उघड होतं. वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस यांच्या कारकिर्दीत ही नोंद करणारी उपकरणं अलिबागला नेली गेली आणि १९०४ पासून तिथली वेधशाळा सुरू झाली. इमारतीसाठी दगडसुद्धा चुंबकीय नसलेला बघून घेतला होता. पेशींचा इन्क्युबेटर अलिबागला नेता येत नाही, म्हणून त्याच्याभोवती म्यू-मेटलची पेटी करतात. हा बहुतांशी निकेलचा आणि थोड्या लोखंडाचा मिश्रधातू बाहेरच्या क्षेत्राला आपल्या अंगातून वळवून घेतो. महाग आहे आणि नाजूकही. वाकवला किंवा आपटला की गुण जातो आणि पुन्हा भट्टीत भाजून घ्यावा लागतो.

एवढी काळजी कशासाठी? १९७९ मध्ये अमेरिकेतल्या डेनव्हर शहरातला एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नॅन्सी वर्थायमर आणि एड लीपर यांना विजेच्या जास्त करंटच्या तारांजवळ राहणाऱ्या मुलांमध्ये रक्ताच्या कर्करोगाचं प्रमाण अधिक दिसलं होतं. त्याच वर्षी, न जुळणारी हाडं जुळवण्यासाठी चुंबकीय स्पंदनं देणाऱ्या उपकरणाला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनानं मान्यता दिली. एकीकडे भीती, दुसरीकडे आशा. दोन्हींचं उत्तर पेशींच्या डिशमध्ये सापडेल म्हणून जगभर कॉईल गुंडाळल्या जाऊ लागल्या. न्यूयॉर्कमध्ये रिबा गुडमन आणि अ‍ॅन हेंडरसन यांनी ६० हर्ट्झच्या क्षीण क्षेत्रानं मानवी ल्युकेमियाच्या पेशींत ‘मिक’ या वाढीच्या जनुकाची हालचाल वाढते असं दाखवलं. बातमी मोठी होती, कारण कर्करोगाशी हे जनुक जोडलेलं आहे. १९९५ मध्ये दोन स्वतंत्र गटांनी, त्यातला एक केंब्रिज विद्यापीठातला, तोच प्रयोग काटेकोर नियंत्रणाखाली केला. दोघांनाही परिणाम दिसला नाही.

त्याच वर्षी कर्शविंक, अत्सुको कोबायाशी आणि नेसन यांनी ‘नेचर’मध्ये भलताच मुद्दा मांडला. प्रयोगशाळेतल्या धुळीत, प्लॅस्टिकच्या भांड्यांवर, रसायनांत लोहचुंबकीय कण असतात. ते पेशींना चिकटले किंवा पेशींनी गिळले तर क्षेत्रात हलतात आणि पेशीलाही हलवतात. दोन प्रयोगशाळांचे निकाल जुळत नाहीत याचं कारण कॉईलमध्ये नसून कदाचित झाडूत असेल! हा मुद्दा मला विनोदी वाटला होता. लोखंडाचा कीस उडणाऱ्या दुकानात पेशींची उपकरणं बनतात तेव्हा तो विनोद राहत नाही. कॉईल तयार झाली की ती ग्राइंडरपासून दूर ठेवा आणि देण्याआधी पुसून घ्या.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेनं २००२ मध्ये विजेच्या तारांसारख्या कमी फ्रिक्वेन्सीच्या चुंबकीय क्षेत्राला ‘कदाचित कर्करोगकारक’ या गटात टाकलं. आधार होता तो लोकांच्या पाहण्यांचा. पेशींच्या प्रयोगांतून काही ठाम हाती लागलं नव्हतं, आणि त्याला उपकरणांतली ढिलाई पुष्कळ अंशी जबाबदार आहे असं माझं मत आहे.

चांगलं उपकरण कसं असतं याचा नमुना हवा असेल तर झुरिकच्या इट’इस फाउंडेशनमधल्या अभियंत्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेली रचना मुलीला शोधायला सांगा. एकाच इन्क्युबेटरमध्ये दोन सारख्या पेट्या, दोन्हींत दोन तारांच्या कॉईल, दोन्हींभोवती म्यू-मेटल, दोन्हींत तापमानाचे सेन्सर. कुठल्या पेटीत क्षेत्र चालू आणि कुठल्या पेटीत शॅम, हे संगणक स्वतः चिठ्ठी टाकल्यासारखं ठरवतो आणि सांकेतिक भाषेत लिहून ठेवतो. पेशी मोजून निकाल पाठवेपर्यंत प्रयोग करणाऱ्याला ते कळत नाही. यातली शेवटची गोष्ट फुकट आहे. तुमचा चेंजओव्हर स्विच एका डब्यात बंद करा, तो कुणीतरी तिसऱ्यानं नाणं उडवून फिरवावा आणि चिठ्ठी पाकिटात ठेवावी. मुलीला ते पाकीट मोजणी संपल्यावरच मिळावं. आपल्याला हवं ते डोळ्यांना दिसतं, आणि सूक्ष्मदर्शकाखाली जरा जास्तच.

नीट केलेल्या प्रयोगात काहीच सापडत नाही, असं मात्र समजू नका. टोकियो विद्यापीठात नोबोरू इकेया आणि जोनाथन वुडवर्ड यांनी ‘हीला’ या मानवी पेशींवर निळा प्रकाश टाकला. त्यांतल्या फ्लेविन नावाच्या रेणूंमुळे त्या मंद चमकतात. दर चार सेकंदांनी त्यांच्यावरून चुंबकीय क्षेत्र फिरवलं की चमक सुमारे साडेतीन टक्क्यांनी उतरायची आणि क्षेत्र काढलं की पुन्हा चढायची. निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. क्षेत्र होतं २५ मिलिटेस्लाचं, म्हणजे पृथ्वीच्या क्षेत्राच्या कित्येक शे पट, तेव्हा त्यावरून विजेच्या तारांबद्दल काही बोलता येत नाही. पण रचना पाहा. तुलनेला दुसरी डिश नाही, दुसरा इन्क्युबेटर नाही. तीच पेशी, चार सेकंदांपूर्वीची, हीच तिची तुलना. तापमानाला किंवा धुळीला मधे घुसायला सवडच ठेवलेली नाही.

ता. क.चं उत्तर : पोरीला कॉईलपासून धोका नाही. वरच्या मापाच्या जोडीपासून अक्षाच्या दिशेनं एक मीटरवर क्षेत्र उरतं तीन मायक्रोटेस्लाच्या आसपास; पृथ्वीच्या क्षेत्राचा पंधरावा भाग. ५० हर्ट्झसाठी सर्वसामान्य लोकांकरिता आंतरराष्ट्रीय मर्यादा २०० मायक्रोटेस्ला आहे. पेसमेकर बसवलेल्या माणसानं मात्र कॉईलच्या मधोमध वाकून बघू नये, तिथलं ६०० मायक्रोटेस्ला त्याच्यासाठी जास्त आहे. या जोडीला एक अँपिअरसाठी डीसीचे चार व्होल्ट पुरतात, ५० हर्ट्झला सहा-सात. तेव्हा ओल्या इन्क्युबेटरमध्ये मेनची वायर न्यायचं कारण नाही, ट्रान्सफॉर्मर बाहेरच ठेवा.

अंतराचं हेच गणित मुलीलाही सांगा. अक्षावर अर्ध्या मीटरवर क्षेत्र अजून वीस मायक्रोटेस्ला असतं. म्यू-मेटलची पेटी करणं तुमच्या खर्चात बसणार नसेल, तर शॅमची जोडी त्याच इन्क्युबेटरच्या वरच्या फळीवर ठेवून दोन्ही एकाच वेळी चालवू नका. एकच जोडी घ्या, एक फेरी क्षेत्राची, एक शॅमची, आणि क्रम नाण्यावर सोडा. वेळ दुप्पट लागेल, तांबं मात्र सव्वा-दीड किलोतच भागेल.